औषधे, यकृत आणि काचेवरची साक्ष



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून साहित्य, इतिहास, अध्यात्म अशा विषयांवर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. त्या रांगेत आपण रोह्याच्या एका कामगार कार्यकर्त्याला बसवलेत, आणि त्याने विषय निवडला तो औषधांनी यकृताला होणाऱ्या इजेचा! मी डॉक्टर नाही. माझी शाळा नववीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते धाटावच्या कारखान्यातील पाळ्यांत, युनियनच्या कचेरीत आणि आजारी कामगारांबरोबर मुंबईच्या इस्पितळांतील बाकांवर. मांडीवर फाईल घेऊन चार-चार तास बसावे लागले की माणूस ती वाचू लागतो. शब्द अडला की डॉक्टरांना विचारतो. ते रागावले तर दुसऱ्या डॉक्टरांना विचारतो. अशा रीतीने जे समजले ते मी आपल्यापुढे ठेवणार आहे. कोणते औषध घ्यावे हे मी सांगणार नाही. घेतलेल्या औषधाचा हिशेब आपण का ठेवावा, एवढेच मला सांगावयाचे आहे.

प्रथम यकृताची ओळख करून घेऊ. आपण बोलताना 'काळीज' म्हणतो आणि हात छातीवर ठेवतो. परंतु खाटकाकडे 'कलेजी' मागतो तेव्हा तो जे देतो ते यकृत. म्हणजे काळजाचा खरा पत्ता उजव्या बरगड्यांच्या खाली आहे. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलो भरते. आतड्यांतून येणारे रक्त सर्व शरीरात जाण्यापूर्वी यकृतातून जाते. अन्न असो, दारू असो, गोळी असो की पुडी असो, प्रत्येकाची झडती या नाक्यावर होते. आपल्या कारखान्यात कच्चा माल रिॲक्टरमध्ये जातो आणि त्याचे दुसरेच काही बनून बाहेर पडते. यकृताच्या पेशीतही तेच चालते. आणि रिॲक्टर चालवणारे आपले भाऊ जाणतात की धोका पुष्कळदा मूळ मालात नसतो, तो मधल्या अवस्थेत तयार होणाऱ्या पदार्थात असतो.

सगळ्यांच्या घरात असणाऱ्या पॅरासिटामॉलचेच उदाहरण घ्या. योग्य प्रमाणात घेतल्यास ते चांगले औषध आहे. त्याचा बराचसा भाग यकृत सरळ मार्गाने निकालात काढते. थोड्या भागाचा मात्र एक जहाल पदार्थ बनतो. त्याला निष्प्रभ करण्यासाठी पेशीत ग्लुटाथायोन नावाचा पदार्थ साठवलेला असतो. गोळ्या फार झाल्या, किंवा उपासमारीने वा दारूने तो साठा आधीच खालावलेला असला, की जहाल पदार्थ मोकाट सुटतो आणि पेशीच मारतो. मोठ्या माणसाला दिवसाची कमाल मर्यादा चार ग्रॅम, म्हणजे पाचशे मिलिग्रॅमच्या आठ गोळ्या. अशक्त माणसाची त्याहून कमी. आता आपल्या पेणचे गणपतीचे कारखाने डोळ्यांपुढे आणा. सण जवळ आला की रात्र-रात्र रंगकाम चालते, जेवणाची वेळ टळते. पाठ धरली की एक गोळी, अंग तापले की 'सर्दी-तापाची' दुसरी, डोके दुखले की तिसरी. तिन्ही पाकिटांवर नावे निराळी, आणि तिन्हींत पॅरासिटामॉल असू शकते! घेणाऱ्याला वाटते की आपण तीन औषधे घेतली. यकृताला कळते की एकच तीनदा आले. या विषबाधेवर उतारा आहे. ॲसिटिलसिस्टीन हे औषध पहिल्या आठ तासांच्या आत दिले तर बहुधा यकृत वाचते. परंतु पहिल्या दिवशी थोडी मळमळ, यापलीकडे काही जाणवत नाही. यकृत कोसळते ते तिसऱ्या-चौथ्या दिवशी. म्हणून 'बरे वाटते आहे' म्हणून थांबू नये.

ही इजा प्रमाणावर अवलंबून असते. दुसऱ्या जातीची इजा अधिक फसवी आहे. त्यात औषध बरोबर, प्रमाण बरोबर, डॉक्टरही बरोबर; तरीही हजारो माणसांतल्या काहींना ते बाधते, आणि कोणाला बाधेल हे आधी सांगता येत नाही. क्षयावरील आयसोनियाझिड १९५२ साली प्रचारात आले तेव्हा जगाने सुटकेचा निःश्वास टाकला. पुढे १९७० साली अमेरिकेच्या राजधानीत क्षयाच्या प्रतिबंधासाठी २,३२१ सरकारी कर्मचाऱ्यांना ते देण्यात आले. त्यांतील १९ जणांना यकृताचा विकार जडला आणि दोघे दगावले. २,३२१ तील १९ म्हणजे शंभरात एकही नाही. परंतु ज्याच्या घरातले माणूस गेले त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

आपल्या देशात तर हा प्रश्न घराघरातला आहे. औषधांनी यकृताला इजा झालेल्या १,२८८ रुग्णांची नोंद देशातील निरनिराळ्या रुग्णालयांनी एकत्र केली आणि ती २०२१ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील सुमारे ४६ टक्क्यांच्या बाबतीत कारण क्षयाची औषधे हे होते, आणि सुमारे १४ टक्क्यांच्या बाबतीत जडीबुटी व तत्सम उपचार. क्षयाच्या चार मुख्य औषधांपैकी आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन आणि पायराझिनामाइड ही तीन यकृताला बाधू शकतात, इथॅम्ब्युटॉल क्वचितच. क्षय कोणाला होतो हे मी सांगावयास नको. वीटभट्टीवर राबणारा आपला कातकरी भाऊ, ठेक्यावरचा कामगार, एका खोलीत दाटीने राहणारी माणसे. ज्याच्या अंगात मूळचेच त्राण नाही, त्याच्याच यकृताला सहा महिने ही परीक्षा द्यावी लागते.

हे ऐकून कोणी घरी जाऊन क्षयाच्या गोळ्या बंद केल्या, तर माझे आजचे व्याख्यान घातक ठरेल. क्षय औषधावाचून मारतो; औषधाची बाधा थोड्यांनाच होते आणि वेळीच कळली तर बहुतेकांची उतरते. अन्नावरची वासना उडाली, मळमळ थांबेना, लघवी चहासारखी झाली, डोळे पिवळे दिसू लागले, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा. डॉक्टर रक्त तपासतात, गरज पडली तर औषधे थांबवतात, यकृत सावरले की एकेक करून पुन्हा सुरू करतात आणि दोषी कोण ते शोधतात. औषध थांबवणे आणि सोडणे यांत फरक आहे. थांबवतो डॉक्टर; सोडतो तो रोगी. वाट पाहणे मात्र परवडणारे नाही. हायमन झिमरमन या अमेरिकन यकृततज्ज्ञाने फार पूर्वी सांगून ठेवले आहे की औषधाने यकृताच्या पेशी मेल्या आणि वर कावीळही झाली, तर अशा रुग्णांपैकी दहात सुमारे एक दगावतो.

आता जडीबुटीकडे वळतो. येथे काही जणांच्या कपाळाला आठी पडेल, म्हणून जपून बोलतो. कोविडच्या साथीत गुळवेलीचा काढा घरोघर उकळू लागला. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईत डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांना यकृताला इजा झालेले असे सहा रुग्ण आढळले, की ज्यांच्या इतिहासात गुळवेल होती. त्यांनी ते २०२१ साली वैद्यकीय नियतकालिकात मांडले. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: वनस्पती खरोखर गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची खात्री केलेली नाही. पुढे २०२२ साली देशातील अनेक रुग्णालयांनी मिळून ४३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातील पुष्कळांच्या यकृताच्या तुकड्यात, शरीर स्वतःच्याच यकृतावर उलटते तेव्हा दिसते तसे चित्र होते. मी या वादात न्यायाधीश होणार नाही. परंतु मंत्रालयाच्या हरकतीतूनही एकच गोष्ट निघते: घेतलेली वस्तू नेमकी कोणती, हे ठाऊक असले पाहिजे. १९४५ च्या औषध नियमांप्रमाणे कारखान्यात तयार झालेल्या आयुर्वेदिक औषधाच्या लेबलावर घटक लिहावे लागतात. कागदात बांधून हातावर ठेवलेल्या पुडीवर काय लिहिलेले असते? आणि आपल्याकडे तर कावीळ झाल्यावरच लोक पुडीकडे आणि माळेकडे धावतात. यकृत आधीच जखमी, त्यात नाव नसलेली वस्तू!

आता काचेवरच्या साक्षीकडे येतो. यकृताचा तुकडा काढून तपासतात, त्याला बायॉप्सी म्हणतात. नाव ऐकताच आपली माणसे घाबरतात. 'तुकडा काढला की रोग पसरतो,' असे बाकावर बसल्या-बसल्या मी शंभरदा ऐकले आहे. प्रत्यक्षात काय होते ते पाहा. १८८३ साली जर्मनीत पॉल एर्लिख याने प्रथम सुईने यकृताचा अंश काढला असे मानतात. १९५८ साली इटलीच्या मेंगिनीने अशी सुई आणि पद्धत दिली, की सुई यकृतात राहते ती जेमतेम सेकंदभर. आज सोनोग्राफीत जागा पाहून, भूल देऊन सुई घालतात. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो, म्हणून रक्त नीट गोठते की नाही हे आधी तपासतात आणि नंतर काही तास झोपवून ठेवतात. निघतो तो दीड-दोन सेंटिमीटर लांबीचा, शेवईसारखा तुकडा; सबंध यकृताचा सुमारे पन्नास हजारावा हिस्सा. प्रत्येक काविळीत याची गरज नसते. बहुतेकदा औषधांची विचारपूस, रक्त, सोनोग्राफी आणि व्हायरसच्या काविळीच्या तपासण्या एवढ्यावर निदान होते. उलगडा होत नसेल, किंवा औषध थांबवूनही सुधारणा नसेल, तेव्हा सुईची पाळी येते.

तो तुकडा फॉर्मेलिनमध्ये टिकवतात, मेणात बसवतात आणि यंत्राने चार-पाच मायक्रॉन जाडीचे काप काढतात. म्हणजे दोनशे काप एकावर एक ठेवले तर एक मिलिमीटर भरावा. काप बिनरंगी असतो, त्यात काही दिसत नाही. म्हणून तो रंगवतात. हेमॅटॉक्सिलिन मूळचे एका झाडाच्या लाकडातून निघालेले. त्याने पेशीचे केंद्र निळे-जांभळे होते. इओसिन हा रासायनिक कारखान्यात बनणारा रंग. त्याने बाकीची पेशी गुलाबी होते. रंगाच्या कारखान्यांत ज्यांची उमर गेली त्या आमच्या माणसांना मी हे सांगतो तेव्हा त्यांचे डोळे चमकतात. ज्या जातीचा माल आपण पिंपांत भरतो, त्याच जातीच्या थेंबाने डॉक्टरला रोग दिसतो!

सूक्ष्मदर्शकाखाली विकृतिशास्त्रज्ञ काय पाहतो? पेशी मेल्या आहेत काय, आणि मेल्या तर कोठे: शिरेच्या भोवती की सगळीकडे विखरून. पित्त अडकून पिवळे-हिरवे ठिपके पडले आहेत काय. पेशींत चरबीचे थेंब आहेत काय, मोठे की बारीक. सूज आणणाऱ्या पेशी कोणत्या जमल्या आहेत. जुना व्रण, म्हणजे तंतूंचे जाळे, आहे की इजा ताजी आहे. प्रत्येक औषधाची मारण्याची तऱ्हा असते. पॅरासिटामॉल यकृताच्या प्रत्येक खंडातील मधल्या शिरेभोवतीच्या पेशी मारते, कारण तो जहाल पदार्थ बनवणारी यंत्रणा तेथे अधिक असते. आयसोनियाझिडचे चित्र व्हायरसच्या काविळीसारखे दिसते. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलॅनेट हे नेहमीचे प्रतिजैविक बहुधा पित्त अडवते. तालमीत दंड फुगवण्यासाठी आमची तरुण मुले जी स्टिरॉइडची इंजेक्शने आणि गोळ्या घेतात, त्यांतही पित्त अडकते, पण सूज फारशी नसते. शिवाय काच पुढचेही थोडे सांगते. अमेरिकेत अशा २४९ रुग्णांचे तुकडे तपासून २०१४ साली निष्कर्ष मांडला गेला: मोठ्या प्रमाणावर मेलेल्या पेशी, तंतूंचे जाळे, बारीक थेंबांची चरबी दिसली तर प्रकृती गंभीर, इओसिनोफिल नावाच्या पेशी आणि सुजेच्या लहान गाठी दिसल्या तर बहुधा इजा सौम्य.

एवढे सगळे सांगणारी काच एक गोष्ट मात्र सांगत नाही: औषधाचे नाव. शिरेभोवतीच्या पेशी पॅरासिटामॉल मारते, आणि कार्बन टेट्राक्लोराइड हे कारखान्यातले विद्रावकही त्याच जागी मारते. काच म्हणते, 'घाव येथे पडला, अशा तऱ्हेने पडला.' घाव कोणी घातला हे दुसऱ्या साक्षीदाराला विचारावे लागते. तो साक्षीदार म्हणजे रोगी, त्याची बायको, त्याची औषधांची पिशवी आणि कारखान्यातली नोंदवही.

कामगारांच्या दृष्टीने हा प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. कामगाराला कावीळ झाली की पहिला शेरा ठरलेला: 'पीत असेल.' हा शेरा मारायला तपासणी लागत नाही. दारूने सुजलेल्या यकृतात चरबी, फुगलेल्या पेशी आणि त्यांत विशिष्ट गुठळ्या दिसतात हे खरे. पण मधुमेही आणि स्थूल माणसाच्या यकृतातही तसेच चित्र दिसू शकते. म्हणजे काच पाहूनदेखील डॉक्टर घाईने जे बोलत नाही, ते मुकादम तोंडाकडे पाहून बोलतो! उलट बाजूने, १९४८ च्या कारखाना कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत, सरकारला कळवणे बंधनकारक अशा रोगांच्या यादीत, विषारी द्रव्यांनी होणारी कावीळ होती. म्हणून कावीळ दारूची, औषधाची की प्लँटमधल्या वाफेची, हा निव्वळ वैद्यकीय प्रश्न नसतो. त्यावर माणसाची अब्रू, नोकरी आणि भरपाई लटकलेली असते.

एक हकीकत सांगतो. नाव-गाव आणि कारखाना सांगत नाही. ठेक्यावरचा एक कामगार पिवळाधमक होऊन पडला. ठेकेदाराची माणसे म्हणाली, दारू. सोबतचे कामगार म्हणाले, विद्रावकाची वाफ. मुंबईत सुईने तुकडा काढला. अहवालात लिहिले: पेशी मोठ्या प्रमाणावर मेल्या आहेत, जुना व्रण नाही, औषधाची बाधा असू शकते, रुग्णाने घेतलेल्या औषधांची माहिती हवी. रोगी म्हणे, मी काहीच घेतले नाही. तीन दिवस त्याने तेच सांगितले. चौथ्या दिवशी त्याच्या बायकोने घरी जाऊन माळ्यावरची पिशवी आणली. तिच्यात क्षयाच्या गोळ्यांची पाकिटे होती. त्याला क्षय होता. तो कळला तर ठेकेदार गेटवरूनच परत पाठवील, या भीतीने त्याने गुपचूप खाजगी उपचार सुरू केले होते आणि घरातही सांगितले नव्हते. औषधे थांबली, कावीळ उतरली, पुढे एकेक करून सोसणारी औषधे देऊन त्याचा क्षयही बरा केला. तो आज हिंडतो-फिरतो आहे. त्याचे यकृत औषधाने बिघडले खरे. पण जीव धोक्यात आला तो भाकरी जाण्याच्या भीतीने. ही भीती कोणत्याही रंगाने काचेवर दिसत नाही. ती काढून टाकणे हे आपले, म्हणजे संघटनेचे आणि समाजाचे काम आहे. क्षयाचा उपचार घेणाऱ्याला कामावरून काढणार नाही असे जेथे वचन मिळते, तेथे गोळ्या माळ्यावर लपत नाहीत.

मग आपण करावयाचे काय? ज्याला लिहिता येते त्याने वहीच्या एका पानावर औषधाचे नाव आणि सुरू केल्याची व संपल्याची तारीख लिहावी. ज्याला येत नाही त्याने रिकामी पाकिटे एका पिशवीत ठेवावी. मुलगी शाळेतून आली की ती तारीख घालील. तारीख का, तर क्षयाच्या औषधांची बाधा बहुधा पहिल्या दोन-तीन महिन्यांत दिसते, आणि मघाशी सांगितलेल्या प्रतिजैविकाची कावीळ पुष्कळदा औषध संपल्यावर काही आठवड्यांनी उगवते. तोवर आपण ते विसरून गेलेले असतो. काढा, चूर्ण, पुडी, तालमीतली पावडर, हेही त्याच पिशवीत. 'ते काय औषध आहे होय?' असे म्हणू नये. यकृताला तो भेद कळत नाही. औषधाच्या दुकानात बिल मागावे. डॉक्टरांपुढे दारूविषयीही खरे बोलावे. तो कबुलीजबाब नव्हे, ती माहिती आहे. आणि औषधाची बाधा झाली तर ती कळवावी. २०१० पासून केंद्र सरकारने औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा कार्यक्रम चालवला आहे. १८००-१८०-३०२४ या क्रमांकावर रोगी स्वतःही कळवू शकतो. एकेकाची तक्रार हवेत विरते. शंभरांची नोंद झाली की औषधाच्या चिठ्ठीवरचा इशारा बदलतो. संघटना याहून निराळी काय असते?

आपल्या आजा-पणजांना खोताकडून पावती मिळवताना काय सायास पडत हे या जिल्ह्याला सांगावयास नको. पोटात जाणाऱ्या गोळीची पावती मिळवण्याला तेवढे सायास पडत नाहीत. ती आपणच आपल्याला लिहून द्यावयाची आहे. डॉक्टरांचे ज्ञान मोठे आहे, त्यांची काच मोलाची आहे. परंतु त्या काचेवरच्या घावाला नाव देण्याचे काम शेवटी आपल्या चार ओळींच्या टिपणावर येऊन ठेपते.